अनवाणी उभं राहायची नोकरी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे शाळा नव्हती असं नाही, मलाच कंटाळा आला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे खाली विजेचं काही वाचून कोणी मला इंजिनिअर समजायला नको. मी उभी राहायची. अकरा वर्षं तेच केलं. मोठ्या वीजतारांखाली अनवाणी उभं राहायचं आणि आपल्या अंगातून किती करंट जातो ते दुसऱ्याला मोजू द्यायचं. गेल्या वर्षी गुडघे नाही म्हणाले, तेव्हा सोडलं.

या अंकाच्या संपादक बाई घरी आल्या आणि अनुभव लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, उभं राहण्यात कसला अनुभव? झाडं पण उभी राहतात. त्या म्हणाल्या, झाडं लिहीत नाहीत. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरी हातमाग होता. लग्नानंतर वीस वर्षं मी लुगडी विणली. मग माग बंद पडला आणि त्याची लाकडं चुलीत गेली. लोक म्हणतात फार वाईट झालं. माझी पाठ दुखायची थांबली. त्यानंतर नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात तूर आणि हरभरा चाळायला जायला लागले, आणि तिथेच मला ही नोकरी लागली.

मंगेश सर एका छोट्या कंपनीत होते. टॉवरच्या लाईनखाली माणसाला किती शॉक बसू शकतो याचा अंदाज काढायचा आणि लाईनवाल्यांना लिहून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याजवळ उंच माणूस होता, जाडा माणूस होता, बाई नव्हती. ठेंगणी, हलकी, आणि न बोलता उभी राहील अशी बाई त्यांना पाहिजे होती. दोन गुण माझ्यात होते. तिसऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"मावशी, तुमचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत. हमालांनी मला धान्याच्या काट्यावर उभं केलं. काट्यावरचा पोरगा ओरडला, "अठ्ठेचाळीस किलो, बारदाना धरून." बारदाना म्हणजे माझं लुगडं. सगळा बाजार हसला. अडत्याने भाव विचारला. मी काट्यावरून उतरले आणि सरांच्या गाडीत जाऊन बसले.

आता काम काय ते सांगते. मोठ्या लाईनच्या तारेला हात लावला तर माणूस मरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हात न लावता खाली नुसतं उभं राहिलं तरी थोडासा करंट अंगातून जमिनीत उतरतो. फार थोडा. कळतसुद्धा नाही. तो किती, हे पाहायला सर एक रबरी चादर पसरायचे, तिच्यावर पत्रा ठेवायचे, पत्र्यावर मला उभं करायचे. पत्र्याला वायर, वायरला मीटर, मीटरची दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या सळाखीला. म्हणजे माझ्या पायातून निघालेला करंट मीटरमधूनच गेला पाहिजे, दुसरी वाट नाही. मी दोन्ही हात खाली सोडून उभी राहायची. मग हात वर. हात वर केले की आकडा वाढतो, कारण माणूस तारेच्या जवळ जातो. उंच माणसाला जास्त, ठेंगण्याला कमी. ठेंगणं असण्याचा फायदा मला आयुष्यात तेवढा एकच झाला.

मोजायच्या आधी सर कॉम्प्युटरवर अंदाज काढत. त्यात एक माणूस असतो. तो मी पाहिला आहे. त्याला केस नाहीत, कपडे नाहीत, तोंड नाही, उकडलेल्या अंड्यासारखा उभा असतो. पायात चप्पल नाही. सर म्हणायचे, सगळं गणित याच्यावर चालतं. मी म्हटलं, "याची बायको कुठं आहे?" ते म्हणाले, "पुस्तकात दिलेली नाही." म्हणून मी होते.

या कामात भेटलेल्या लोकांविषयी लिहा, असंही बाईंनी सांगितलं आहे. नागपूरजवळ बेश्याला एक रिटायर साहेब भेटले. त्यांच्या गच्चीपासून थोड्या अंतरावरून लाईन जायची. गच्चीवर आम्ही मोजलं, काही नव्हतं. साहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि माझ्या कोपराला लावला. मी विचारलं, "लागला का दिवा?" ते म्हणाले, "नाही." मग त्यांनी तोच टेस्टर बायकोला लावला. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत नाही लागला, आता काय लागतो?"

दुसऱ्या एका गावात सरांनी संध्याकाळी लाईनखाली नुसती ट्यूबलाईट हातात धरून दाखवली. वायर नाही, बटण नाही, तरी ती मंद पेटते. मग ती माझ्या हातात देऊन ते मीटर पाहायला गेले. गावातला एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी सरांना म्हणाला, "साहेब, ह्या बाईले रोज संध्याकाळी इथं उभी करता का? रस्त्यानं लय अंधार रायते."

आणि गुडघेदुखीच्या बाया तर प्रत्येक गावात. हिच्या अंगातून करंट जातो हे कळलं की लुगडं वर करून गुडघे पुढे करायच्या. "हात लाव वं बाई." मी लावायची. त्यांना बरं वाटायचं. सरांच्या रिपोर्टात ते आलं नाही. माझे स्वतःचे गुडघे नंतर गेले ते मात्र कोणी हात लावून बरे केले नाहीत.

पण लिहायला बसले ते गिरजाबाईच्या घरासाठी. तिथे मी चुकले होते.

गाव मौद्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, त्यांची सून अजून तिथेच आहे. शेतातून मोठी लाईन गेलेली. लाईन आधीची, घर नंतरचं. आम्ही शेतात मोजून पाणी प्यायला त्यांच्या अंगणात गेलो. गिरजाबाई दारात उभ्या होत्या. पायात जाड निळ्या रबरी चपला, हात कमरेवर. पाणी द्यायच्या आधीच म्हणाल्या, "तुमी करंट मोजणारे हाय ना? मंग एक काम करा. माह्या सुनेचं सोंग मोजून द्या."

"काहून, काय झालं?" सरांनी विचारलं.

"चार महिने झाले लग्नाले. कपडे वाळू घालाले गेली का ओरडते. म्हणते, तार चावते. तार का कुत्रं हाय? मी रोज त्याच तारेले हात लावते, मले नाई चावत. हिच्या बापाच्या घरी मशीन हाय कपडे धुवाची. इथं हातानं धुवा लागते, तं नाटक करून राहिली."

सून मागे उभी होती. वैशाली नाव. एकोणीस-वीस वर्षांची, डोक्यावर पदर, हात ओले. हळूच मला म्हणाली, "मावशी, खरंच चावते जी. रोज नाई, पण चावते."

"पाहा," गिरजाबाई म्हणाल्या, "सुटीपण घेते तार."

तार मी पाहिली. कडुनिंबापासून गोठ्यापर्यंत ताणलेली, तीसेक पावलं लांब. बरोबर लाईनच्या खाली, लाईनच्याच दिशेने. झाडाला तारेचा काच पडू नये म्हणून वैशालीच्या सासऱ्यांनी दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधली होती. सरांनी सासऱ्यांना विचारलं, तुम्हाला कधी शॉक लागला का? ते म्हणाले, नाही. त्यांच्या मुलाला, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. मग कळलं, त्या दोघांनी तारेला कधी हातच लावलेला नव्हता. कपडे आपोआप वाळतात अशी त्यांची समजूत होती.

गिरजाबाई चपला फटकारत गेल्या आणि दोन्ही हातांनी तार धरून उभ्या राहिल्या. "आलं का काई? मेली का मी?"

नाही मेल्या. मग सरांनी पत्रा मांडला, मीटर लावलं आणि मला म्हणाले, "मावशी, तुम्ही धरा."

मी पत्र्यावर अनवाणी उभी राहिले आणि तार धरली. सरांची रीत होती, प्रत्येक वेळी आकडा लिहायचा आणि मला विचारायचं, काय वाटलं? मग मी सांगेन ते लिहायचं. त्या दिवशीही त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उन्हानं गरम झाली आहे, बस."

गिरजाबाईंनी टाळी वाजवली. "ऐकलं का वं? मशीनवाली बाई म्हणून राहिली."  वैशालीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. मला ते पाहणं आवडलं नाही. पण चहा आला होता, तो मी प्यायले.

 परतताना चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा सर म्हणाले, "मावशी, मीटर म्हणतं लागायला पाहिजे. तुम्ही म्हणता नाही लागलं."

"मग मीटर बिघडलं."

"मीटर माझं आहे. हात तुमचा आहे." त्यांनी शर्टाला लावलेली सेफ्टी पिन काढली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. टपरीवाला पण बघायला आला. शेवटी मी म्हटलं, "सुरू करता का आता?"

"चार वेळा टोचून झालं," सर म्हणाले.

मी तळहात पाहिले. वीस वर्षं मागाचा दांडा, नंतर चाळणीची कडा. कातडी म्हणजे जुन्या बैलाच्या मानेसारखी झालेली. सरांनी समजावून सांगितलं. करंट माझ्या अंगातून गेला तेवढाच त्या सुनेच्याही अंगातून जातो. तिचे हात कोवळे, तिला कळतो. माझे हात मेलेले, मला नाही कळत. उभं राहिल्यावर अंगातून जातो त्याच्यापेक्षा हा कितीतरी जास्त होता, कारण तार लांब असते, सगळ्या लांबीभर गोळा करते आणि धरणाऱ्याला एकदम देते. दोन्ही टोकं नायलॉनला बांधलेली, म्हणजे त्याला उतरायला दुसरी जागाच नाही. जीव जाईल इतका नव्हता. पण चावेल इतका होता.

"पण मग सासूबाई?" सर म्हणाले. "त्यांचे हात काही मेलेले दिसत नाहीत."

पुरुष तारेकडे पाहतात. बायका पायांकडे पाहतात. मी म्हटलं, "तिच्या पायात चपला होत्या. जाड, रबरी. सून अनवाणी होती. धुण्याच्या ओल्या दगडावरून उतरून तारेकडे जाते."

सर कपाळाला हात लावून बसले. चपलेमुळे करंटला जमिनीत उतरायला वाट राहत नाही, फार थोडा जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्यांनी विचारलं, "सून चप्पल का नाही घालत?"

"नवी सून सासऱ्यासमोर अंगणात चपला घालून फिरत नाही."

"हे पुस्तकात नाही," सर म्हणाले.

"त्या अंड्याचं लग्न कुठं झालं आहे," मी म्हटलं. रोज का चावत नाही तेही मी सांगितलं. सासूचं नऊवारी ओलं करून तारेवर टाकलं की खाली ओल्या गवताला टेकतं. माझी वायर जमिनीत जाते तसंच ते लुगडं. त्या दिवशी करंट लुगड्यातून उतरत असेल. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं त्यांनी विचारल्याशिवाय लिहून घेतलं ते तेवढंच.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेलो. तरी उशीर झाला होता. अंगणात बाजेच्या कडेवर एक गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. वैशालीचे वडील. दारात सुटकेस उभी. गिरजाबाईंनी आदल्या संध्याकाळीच फोन केला होता, की नागपूरवरून मशीनवाली बाई आली, तिनं तार धरून पाहिली, तुमची पोरगी खोटी निघाली, घेऊन जा.

ते गृहस्थ सरांसमोर उभे राहिले. "साहेब, पोरगी खोटं बोलत नाही आमची. पण आता मशीनच म्हणून राहिली तं मी काय बोलू?"

मशीन काही म्हणाली नव्हती. मी म्हणाले होते. माझ्या दोन शब्दांवर एका मुलीची सुटकेस भरली होती, आणि ते दोन शब्द मी चहाची वाट पाहत बोलले होते.

मी गिरजाबाईंना म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं. माझ्या हातांना कळत नाही. तुम्ही धरा तार."

"काल धरली ना."

"चपला काढून धरा."

"काहून? डॉक्टरनं सांगितलं हाय, टाच दुखते तं बिनचपलेचं एक पाऊल टाकाचं नाई."

"पाऊल टाकू नका. एकाच जागी उभं राहायचं आहे."

सासरे कोपऱ्यातून पहिल्यांदा बोलले. "काढ ना मंग. भेतं काहून?"

"तुमी गप राहा," गिरजाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एक बनियन तरी वाळू घातली का?"

 पण आता सगळे गिरजाबाईंच्या चपलांकडे पाहत होते. वैशालीचा बाप, नवरा, शेजारची एक बाई कुंपणावरून. गिरजाबाईंनी एक चप्पल काढली. मग दुसरी. सरांनी पत्रा मांडलेला होताच, त्याच्यावर त्या चढल्या. पदर खोचला. वैशालीकडे एक नजर टाकली आणि तारेला हात नेला.

कोंबडी पकडताना जो आवाज येतो, तो आला. हात पदरात गेला.

"काय वाटलं?" सर वही घेऊन पुढे झाले. त्यांना कधी काय विचारावं हे कळत नाही.

"काई नाई."

"मग हात झटकला तो?"

"मच्छर होता."

सरांनी मीटर दाखवलं. आकडा जवळपास कालचाच होता, माझ्या वेळचा. "बरोबर पकडला नाही तुम्ही. परत एकदा धरा, म्हणजे नीट लिहितो."

"जे हाय ते लिवा ना," गिरजाबाई म्हणाल्या. "मले काय जीवानं मारता?"

 शेजारीण कुंपणाच्या खाली गेली, हसायला गेली असावी. गिरजाबाई पत्र्यावरून उतरल्या आणि चपला शोधू लागल्या. चपला समोरच होत्या.

सरांनी मग सासऱ्यांकडून एक सळाख मागून घेतली. धुण्याच्या दगडाजवळ, जिथं जमीन कायम ओली असते, तिथं ती ठोकली आणि वायरने तारेला जोडली. याला अर्थिंग म्हणतात. करंट गोळा झाला की परस्पर जमिनीत जातो, माणसाची गरज पडत नाही. पाच मिनिटांचं काम. चार महिने त्या घरात भांडण चाललं ते या पाच मिनिटांसाठी.

"आता धरा कोणीही," सर म्हणाले. "काही होणार नाही."

कोणी धरेना. गिरजाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "माझ्याकडे पाहू नका, माझी साक्ष चालत नाही." सासरे गोठ्याकडे निघाले. वैशालीच्या नवऱ्याला फोन आला, म्हणजे त्याने तो कानाला लावला. सरांनी स्वतः धरायला हरकत नव्हती, पण त्यांच्या हातात वही होती.

वैशाली पुढे आली. अनवाणीच. ओल्या जमिनीवर उभी राहिली, दोन्ही हातांनी तार घट्ट धरली आणि डोळे मिटले. आम्ही पाहत राहिलो. एक क्षण काही नाही. दुसरा क्षण काही नाही.

मग ती अशी किंचाळली की गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. सरांचा पाय बादलीत गेला. तिचा बाप रुमाल टाकून धावला. गिरजाबाई धुण्याच्या दगडावर धपकन बसल्या आणि छातीला हात लावून देवाला हाका मारू लागल्या.

वैशाली तार धरूनच हसत होती. पदर डोक्यावरून घसरला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हात सोडत नव्हती. "काई नाई जी," ती म्हणाली. "मच्छर होता."

मी तिच्या सासूकडे पाहिलं. अकरा वर्षं मी करंट मोजू दिला, पण माणसाचं तोंड इतकं झपाट्याने बदलताना पाहिलं नव्हतं. राग आला, मग गेला, मग परत आला आणि कुठं बसावं ते त्याला सुचेना. शेवटी गिरजाबाई दगडावर बसल्या बसल्याच व्याह्यांना म्हणाल्या, "हिले नेऊ नका, भाऊ. अशी पोरगी माहेरी पाठवली तं तिथं कोणाचा तरी जीव घेईन. राहू द्या इथंच, माह्या डोळ्यासमोर."

सुटकेस बापानेच उचलून आत नेली.